तीनच्या जागी श्वास

लाडो बेठेकरने चार चिंचोके मोजले आणि पाच सांगितले.

मोजताना तिने घाई केली नव्हती. पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवून ती "मिया" म्हणाली. मग बोट उचललं, हवेतच थांबवलं आणि एक छोटा श्वास घेतला. पुढच्या तिघांवर बोट ठेवत "आफई, उफुन, मोनोई" म्हणाली. एक, तीन, चार, पाच. दोन आलाच नाही.

"परत मोज," सुमरती भिलावेकर म्हणाली.

अकरा वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द तिने किती वेळा उच्चारले असतील, याची गणती नव्हती. साजढाण्याच्या शाळेत दुसरी-तिसरीची निम्मी मुलं अशीच मोजायची. कुणी दोन गाळायचं, कुणी चार, कुणी पहिलाच आकडा गाळून थेट दोनपासून सुरू व्हायचं. सुमरती स्वतः कोरकू, ह्याच ढाण्यातली, ह्याच वस्तीतली. लहानपणी तीही तीन गाळायची. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी तळहातावर छड्या मारून तो तीन तिच्या तोंडात बसवला होता. आपण निदान छडी वापरत नाही, एवढं समाधान तिला होतं.

लाडोने परत मोजलं. परत पाच.

सुमरतीने वहीवर लाल गोल काढायला पेन टेकवलं, तोच भिंतीवरची पाटी उजळली. पाटी एरवी मुलांशी कोरकूत बोलायची. आता तिने फक्त शिक्षिकेसाठी मराठीत दोन ओळी लिहिल्या.

"लाडोचं उत्तर चूक धरू नये. तिच्या घरी दोन हा आकडा दिलेला आहे."

सुमरतीने त्या ओळी दोनदा वाचल्या. मुख्याध्यापक गावंडे सर दारातून डोकावत होते, त्यांनीही वाचल्या.

"घ्या," गावंडे सर म्हणाले. ते अचलपूरकडचे, वीस वर्षं डोंगरात काढूनही त्यांची वऱ्हाडी हलली नव्हती. "सरकारनं पाटी देल्ली चुका धराले, अन् हे तं चुकाईचीच वकिली करून राह्यली. बिघडली वाट्टे जी, बाई."

"दिलेला आहे म्हणजे काय?" सुमरतीने पाटीला विचारलं.

"अर्थ माहीत नाही," पाटीने लिहिलं. "घरातल्या बायका असं म्हणतात."

*

पाटीला येऊन सात आठवडे झाले होते. मुलांना गणित त्यांच्या भाषेतून, त्यांच्या घरातल्या वस्तूंतून शिकवायचं, ही कल्पना जुनीच. अडचण अशी होती की यंत्राला एखादी भाषा शिकवायला पूर्वी कोट्यवधी वाक्यं लागत. कोरकूत तेवढं लिहिलेलं काही नव्हतंच. पुण्याच्या डॉ. हेमांगी सबनीस यांनी ही अडचण उलट्या बाजूने सोडवली. त्यांची पाटी वाक्यं गोळा करत नाही. ती एक डोळा आणि एक कान उघडा ठेवून बसते. समोर वस्तू किती आहेत ते डोळा पाहतो, माणूस तोंडाने काय म्हणतो ते कान ऐकतो, आणि पाटी दोन्ही शेजारी मांडून त्यांचं नातं शोधते. मूल शिकतं तसंच. त्यामुळे दोन-तीनशे तासांत तिचं काम भागतं.

खरं वेगळेपण पुढे होतं. जुनी यंत्रं न जुळणारी उदाहरणं कचरा म्हणून टाकून देत. ही पाटी ती जपून ठेवते. चूक जागा बदलते, असं सबनीसबाईंनी प्रशिक्षणात समजावलं होतं. आज इथे झालेली चूक उद्या तिथे होते. पण तोच माणूस रोज त्याच जागी तीच चूक करत असेल, तर ती चूक नाही, आपल्याला न कळलेला नियम आहे.

मुलं हातातल्या छोट्या पाट्या घरी नेत. चुलीजवळ, गोठ्यात, मोहाची फुलं वाळत घातलेल्या अंगणात त्या पडून असत. आठ ढाणे, एकशे बारा घरं. आयांना विचारून त्यांचे अंगठे घेतले होते. मात्र "ही पाटी मुलांना मोजायला शिकवेल" एवढंच त्यांना सांगितलं होतं. ती त्यांचं मोजणं ऐकेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

*

शाळा सुटल्यावर सुमरती हातपंपावर गेली. लाडोची आई फुलकाय हंडा भरत होती.

"फुलकाय, तुमच्या घरी दोन का म्हणत नाहीत?"

फुलकायचा हात दांड्यावर थांबला. तिने सुमरतीकडे पाहिलं आणि मग हसली. वयाने मोठ्या माणसाने खुळ्यासारखं काही विचारलं की हसतात, तशी.

"बाई, तुला मूलबाळ नाही म्हणून माहीत नाही. हे सासू सांगते. पहिलं मूल झालं की सांगते."

"मग तू सांग."

"दोन नंबरचा गेला ना माझा. आठ महिन्यांचा होता. त्याचा आकडा त्याला दिला. आता तो दुसऱ्या कुणाला कसा देऊ? बकरीला देऊ? भाकरीला देऊ?" तिने पंप पुन्हा सुरू केला. "बाजारात हिंदीत मोजतो तेव्हा चालतं. तिथं काय, ते बाजाराचे आकडे. घरात घरचे. त्याची जागा आली की श्वास घ्यायचा. त्याच्या वाटणीचा."

"आणि मुलं?"

"मुलं आईचं ऐकून मोजतात. त्यांना सांगायचं नसतं."

सुमरती हंड्याकडे पाहत राहिली. फुलकायला वाटलं, बाईंना नीट समजलेलं नाही. तिने हंडा खाली ठेवला आणि धडा समजवावा तसं सांगितलं, "आईने मेलेलं तोंड पाहिलं, की आकडा द्यायचा. तोंड पाहिलं नाही तर द्यायचा नाही, मग लोक काही म्हणोत. आणि आकडा आईचा असतो. लेक लग्न होऊन गेली तरी आकडा आईकडेच. एका माणसाला दोन घरांत आकडा नसतो. झालं. एवढंच आहे."

सुमरती शाळेत परत आली. कपाट उघडून तिने जुन्या वह्या काढल्या. अकरा वर्षांचे लाल गोल. परत मोज. परत मोज. लक्ष कुठे आहे? एका वहीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, "पालकांनी घरी सराव घ्यावा."

ती खाली फरशीवर बसली. पाच नंबरच्या वहीशी तिला आठवलं की आपल्या घरी तीन नाही.

आणि तिसरी ती स्वतः होती. बाबूलाल, कुंजीलाल, सुमरती, रामकली. तिच्या मायची, भागरतीची, चार मुलं, चारही जिवंत.

*

"एकसष्ट," डॉ. सबनीस पडद्यावरून म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा बेताचा होता, पण चष्मा हातात होता आणि त्या तो पुन्हा पुन्हा पुसत होत्या. "सुमरतीताई, तुम्ही हातपंपावरचं सांगितलंत तेव्हा मी पाटीला सगळ्या घरांच्या गाळलेल्या जागा मोजायला लावल्या. एकशे बारा घरांत एकसष्ट. त्यांपैकी मृत्यूची सरकारी नोंद आहे फक्त चौदांची."

"म्हणजे सत्तेचाळीस..."

"सत्तेचाळीस मुलं मृत्यूच्या कुठल्याच कागदावर नाहीत. आणि ती रोज मोजली जातायत. चुलीपाशी. रोज." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्हाला एक सांगू का? सतरा वर्षांपूर्वी मी एक निबंध लिहिला होता, ह्याच भागातल्या मुलांवर. त्यात एक वाक्य आहे, क्रमवार मोजणीची जाण कमकुवत. त्या वाक्यावर मला बढती मिळाली."

सुमरतीला त्यांची कीव आली नाही. तिच्या कपाटात वह्या होत्या.

"अहवालाला तुमची सही लागेल," सबनीस सावरून म्हणाल्या. "कोरकू साक्षीदार म्हणून. साठ जागा जुळल्या आहेत. मृत्यूची नोंद नसली तरी दवाखान्याचं कार्ड, लशीचं रजिस्टर, जन्माची नोंद, काहीतरी धागा सापडला. दोनच घरं उरली. पाटीने ती तुमच्याकडे पाठवली आहेत. प्रत्येक घरापुढे नियम किंवा चूक लिहायचं. शनिवारपर्यंत. नियम लिहिलंत तर ते घर नावानिशी अहवालात जाईल आणि चौकशी होईल. चूक लिहिलंत तर पाटी ते विसरेल, आणि त्या घरच्या मुलांना सरळ मोजणी शिकवेल."

"एकसष्टातल्या साठ जुळल्या. म्हणजे एक घर उरायला हवं. दोन कशी?"

"दुसरं घर वेगळं आहे. तिथे आकडा गाळलेला नाही. उलट आहे. तुम्ही बघाच."

पडदा विझला. सुमरतीने यादी उघडली.

पहिलं घर: साजढाणा, भागरती भिलावेकर. तीनच्या जागी श्वास. जन्मनोंदी चार, मृत्यू नाही. भाची पाटी घेऊन आली होती तेव्हाचा आवाज त्याला जोडलेला होता. सुमरतीने तो लावला. चुलीपुढे बसून माय भाकरी वाटत होती आणि सवयीने मुलांची नावं घेत मोजत होती. ऐकू आलं ते असं: मिया, बाबूलाल. बारी, कुंजी. मग श्वास. उफुन, सुमरती. मोनोई, रामकली.

सुमरतीने आवाज थांबवला. पुन्हा लावला. उफुन, सुमरती. आईच्या तोंडून ही यादी तिने आयुष्यभर ऐकली होती. आपला आकडा चार आहे हे तिला ठाऊक होतं, आणि आपण तिसऱ्या आहोत हेही. दोन्ही गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, एवढंच. गणिताची शिक्षिका असून.

दुसरं घर: कोहणा ढाणा, मंगली धिकार. दोनच्या जागी श्वास नाही. आकडा मोठ्याने उच्चारतात, पण वस्तू नसते. बोट रिकाम्या जागेवर टेकतं. जन्मनोंदी तीन. दुसरं मूल, मुलगी, तेरा महिन्यांची असताना वारली. खाली पाटीने तारीख आणि ठिकाण दिलं होतं, तालुक्याच्या गावातला कुपोषित मुलांचा वॉर्ड, सदतीस वर्षांपूर्वीचा जून. त्याखाली आणखी एक ओळ होती. त्याच दिवशी त्याच वॉर्डातून एका मुलीला बरी झाल्यावर घरी सोडलं. सुमरती भिलावेकर, वय तेरा महिने, आई भागरती.

पाटीने निष्कर्ष काढला नव्हता. तिला ते काम नव्हतं. न जुळणारी दोन घरं तिने फक्त खाली-वर लिहिली होती, वजाबाकीच्या उदाहरणासारखी. एका घरी एक कमी, दुसऱ्या घरी एक जास्त.

*

भागरती अंगणात कुटकी पाखडत होती. बासष्टीची बाई, अजून पाठ ताठ. सुमरती समोर बसली. कसं विचारावं हे तिने वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"माय, तीन कुणाला दिलास?"

सूप थांबलं. कोंडा वाऱ्यावर उडाला आणि दोघींच्या मध्ये बसला.

"कुणी सांगितलं?"

"पाटीने."

"तिला कुणी सांगितलं ऐकायला?" भागरतीचा आवाज चढला नाही. "मुलांना शिकवायला आणली होती ना? मग चुलीपाशी काय काम तिचं?"

"माय."

भागरतीने सूप बाजूला ठेवलं. पदराने हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं.

"वॉर्डात शेजारच्या खाटेवर मंगली होती," ती म्हणाली. "कोहण्याची. तिची पोर आणि माझी पोर एका वयाच्या. एकसारख्याच वाळलेल्या. मंगलीचा नवरा वीटभट्टीवर गेलेला, मोठा मुलगा घरी एकटा तापाने पडलेला. निरोप आला तशी ती गेली. मला म्हणाली, दोन दिवस माझीला बघ. मी बघत होते. दोघींना दूध मीच देत होते."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी उजाडताना माझी गेली. मी पाहिलं. तोंड पाहिलं, हात लावला. मी बाहेर जाऊन बसले. परत आले तर नवीन नर्स. रात्रीची गेली होती. हिने कपडा झाकलेल्या पोरीच्या खाटेवर मंगलीचा कागद लावलेला. कुठली खाट कुणाची, तिला काय माहीत. वॉर्डात आई मी एकटी. तिने जिवंत पोर उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, घे, वाचली तुझी."

सुमरतीच्या कानात बारीक शिटीसारखा आवाज सुरू झाला.

"मी बोलायला तोंड उघडलं होतं," भागरती म्हणाली. "खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तू प्यायला लागलीस."

कोंबडी येऊन सुपातले दाणे टिपू लागली. तिला कुणी हाकललं नाही.

"मंगली आली तेव्हा पुरून टाकलं होतं. तिला नुसता कागद दाखवला. ती म्हणाली, मी तोंड पाहिलं नाही, मी आकडा देणार नाही. सगळे तिला वेडी म्हणाले. मी सात कोसांवर होते. मला सगळं ऐकू येत होतं."

"तू मला तिचं नाव दिलंस. तुझ्या मेलेल्या मुलीचं."

"नाव सरकारी कागदावरचं होतं. ते लागतं. दाखल्याला लागतं, शाळेला लागतं." भागरतीने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "आकडा नाही दिला तुला तिचा. तिचा तीन तिला दिला. तुला चार दिला, नवा. रामकली झाली तिला पाच. बाहेर मी सगळ्यांशी खोटं बोलले, कोंजे. तुझ्या बापाशी, देवाशी. मोजताना नाही बोलले. येत नाही बोलता."

कोंजे म्हणजे लेक. हा शब्द तिने आज का वापरला आणि कसा वापरला, हे सुमरतीला कळेना.

"ढाण्यातल्या बायकांनी तुझा श्वास ऐकला असेल."

"ऐकला. माझी एक गेली हे सगळ्यांना कळलं. कुणी विचारलं नाही कुठली."

सुमरती उठली. तिला कुठे जायचं होतं हे तिलाही नक्की माहीत नव्हतं. भागरती बसूनच म्हणाली, "तू जाशील. जावंच लागेल, आता कळलंय. पण एका माणसाला दोन घरांत आकडा नसतो. तिथे तुझा दोन आहे, सदतीस वर्षं धरून ठेवलाय तिने. तू तिथे गेलीस, की चार मला सोडावा लागेल. तेही मी करीन. फक्त मला आधी सांगून जा. म्हणजे मोजताना चुकणार नाही मी."

*

धारणीला रक्ताचं नातं ठरवणारी थुंकीची चाचणी अर्ध्या तासात होत होती. विज्ञानाची पदवी घेतलेल्या सुमरतीला हे माहीत होतं. ती धारणीच्या फाट्यावर उतरली नाही. जीप तशीच पुढे गेली. जाताना ती मायला "कोहण्याला जाते" एवढं सांगून निघाली होती. भागरती "बरं" म्हणाली होती.

मंगलीचं घर ढाण्याच्या शेवटाला होतं. जेवणाची वेळ. मुलगा चैतराम शेतातून येऊन हात धूत होता, माहेरी आलेली मुलगी सुनाय चुलीपाशी होती. मंगली भिंतीला टेकून भाकरी वाटत होती. बाईचे केस पांढरे झाले होते आणि कपाळ रुंद होतं. दोन्ही भुवया मध्ये जवळजवळ जुळल्या होत्या. सुमरती रोज सकाळी आरशात अशाच भुवया विंचरून वेगळ्या करायची.

"साजढाण्याची शिक्षिका आहे," ती दारातून म्हणाली. "पाटीच्या कामाला आले होते."

"ये की, बाई," चैतराम म्हणाला. "पोरांची पाटी आमच्या घरीही पडलेली असते. आईचं मोजणं तिला काही जमलं नाही म्हणतात."

"पाटीचं काय घेऊन बसलास?" मंगली म्हणाली. "गुरुजी लोकांनाही कुठे जमलं? बस बाई, खाऊन जा."

तिने मोजायला घेतलं.

"मिया." पहिली भाकर चैतरामपुढे.

"बारी." दुसरी भाकर तिने पळसाच्या पानावर ठेवून बाजूला सारली. कुणीच तिकडे पाहिलं नाही. पाऊस पडतोय का हे बाहेर न बघता माणसाला माहीत असतं, तसं ते घर त्या भाकरीला सरावलं होतं.

"आफई." तिसरी सुनायपुढे.

"ती दुसरी कुणाची?" सुमरतीने विचारलं. आवाज तिचा तिला परका वाटला.

"बाहेर गेलीय ती," मंगली साधेपणाने म्हणाली. "आली नाही तर संध्याकाळी गाईला घालते."

सुनायने सुमरतीकडे पाहून हळूच मान हलवली. आईचं असंच आहे, मनावर घेऊ नका.

सुमरती दारातून आत आली. पळसाच्या पानापाशी मांडी घालून बसली आणि भाकर उचलून तिने एक तुकडा मोडला. तो तोंडात घालायला तिला फार वेळ लागला. गिळायला त्याहून जास्त.

चैतरामचा घास हातात राहिला. सुनाय म्हणाली, "अहो बाई, ती..." आणि गप्प झाली, कारण आता ती दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे.

मंगली रडली नाही, नाव विचारलं नाही. तिने सुमरतीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डाव्या कानामागे अंगठा फिरवला आणि ओळखीची खूण सापडल्यासारखा तो तिथेच ठेवला. मग तिने तो काढून घेतला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

"मिया." चैतराम.

"बारी." बोट सुमरतीच्या गुडघ्यावर टेकलं. टेकलं आणि दचकून वर उचललं गेलं. सदतीस वर्षं त्या बोटाला तिथे जमीन लागायची.

तिने पुन्हा टेकवलं.

*

सुमरती परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मंगलीने तिला थांबवून घेतलं नव्हतं. वॉर्डातलं सगळं ऐकून फक्त विचारलं होतं, "तिने तुला कशी ठेवली?" आणि सुमरती म्हणाली होती, "चांगली." त्यावर मंगलीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि ती म्हणाली, "दूध तिचंच होतं. दोघींना." त्यात क्षमा होती की आरोप, सुमरतीला जीपमध्ये पूर्ण रस्ताभर ठरवता आलं नाही.

घराच्या कुडाबाहेर तिने चप्पल काढली आणि ती तिथेच उभी राहिली. आत माय भाकरी थापत होती. बाबूलाल आणि कुंजी आले होते. रामकलीही आली होती, सासरहून, एवढ्या तातडीने. मायने त्यांना बोलावून घेतलं असणार. आज एक आकडा कमी होणार, तर तो सगळ्यांसमोर व्हावा, म्हणून.

"मिया, बाबूलाल," आतून ऐकू आलं.

"बारी, कुंजी."

मग श्वास. कुडाच्या काटक्यांमधून सुमरतीने तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, म्हणजे ऐकला तिने हजारदा होता. आत जाणारी हवा, थोडी अडलेली. तेरा महिन्यांच्या एका मुलीची वाटणी.

त्यानंतर काहीच आलं नाही. बाहेर सुमरतीने स्वतःचा श्वास धरून ठेवला होता. आता आणखी एक श्वास येईल. मग मोनोई, रामकली. नियम असा होता. ह्या बाईने सदतीस वर्षांत एकदाही नियम मोडला नव्हता.

"माय, भाकर करपते," रामकली म्हणाली.

"करपू दे."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"उफुन," भागरती म्हणाली. मोठ्याने. कुडाबाहेर ऐकू जावं एवढ्या मोठ्याने. "उफुन, सुमरती. ये आत. गार होते."

शनिवारी सुमरतीने अहवालावर सही केली. सत्तेचाळीस हा आकडा जाऊ द्या, घरांची नावं जाणार नाहीत, असं तिने डॉ. सबनीसांना सांगितलं. ज्या आईला नाव द्यायचं असेल ती स्वतः येऊन देईल. सबनीस थोडा वेळ वाद घालत राहिल्या, मग त्यांनी विचारलं, "आणि ती उरलेली दोन घरं?"

पाटीने ती दोन घरं नव्याने मांडली होती. तिच्यापाशी आता शुक्रवारचे आवाजही होते. रामकलीच्या मुलीने आणलेली पाटी चुलीपाशी पडून होती, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कोहण्यातही तसंच. पाटीने लिहिलं होतं: दोन्ही घरांत मिळून जिवंत मुलं सहा. उच्चारलेले आकडे सात. एका व्यक्तीला दोन आकडे आहेत. हे आतापर्यंत शिकलेल्या नियमात बसत नाही. नियम की चूक?

सुमरतीने लाल पेन घेतलं होतं. सवयीने. ते तिने खाली ठेवलं.

"सहा माणसं, सात आकडे," तिने लिहिलं. "उत्तर बरोबर आहे. परत मोजू नये."